पाच हजारांची गोष्ट आणि तिच्यातून गळालेली पाने

१४ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी राकेश झुनझुनवाला यांचे मुंबईत निधन झाले. वय अवघे ६२. आदल्याच आठवड्यात, ७ ऑगस्टला, ज्या 'अकासा' विमान कंपनीत त्यांनी मोठा पैसा घातला होता तिचे पहिले विमान मुंबईहून अहमदाबादला उडाले होते. 'फोर्ब्स'च्या अंदाजाने मृत्यूसमयी त्यांची संपत्ती ५.८ अब्ज डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४६ हजार कोटी रुपये होती. पुढच्या जानेवारीत मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांनी तेव्हा एकच मथळा फिरवून फिरवून छापला : पाच हजार रुपये घेऊन बाजारात आलेला तरुण ४६ हजार कोटींचा धनी झाला.

मथळा खोटा नाही. झुनझुनवाला यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे की १९८५ साली ते पाच हजार रुपये घेऊन दलाल स्ट्रीटवर आले, तेव्हा मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, सेन्सेक्स, १५० च्या आसपास होता. पण हा मथळा आता बातमी राहिलेला नाही, तो धंद्याचा माल झाला आहे. शेअर बाजार शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातीत, मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत, गल्लीतल्या 'टिप्स' देणाऱ्या पोराच्या तोंडी हीच गोष्ट असते. आमच्या वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडे असते आणि शेजारी मोबाइलवर ऑप्शनचा आलेख वरखाली होत असतो. त्या मुलाला कुणीतरी सांगितलेले असते की त्यानेही पाच हजारांतच सुरुवात केली होती. म्हणून या पाच हजारांचा हिशेब एकदा नीट मांडणे भाग आहे. तो मांडायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, शाळेतले गणित पुरते.

सेन्सेक्स १९८५ साली १५० होता. झुनझुनवाला गेले त्या आठवड्यात तो ५९ हजारांच्या वर होता. म्हणजे ३७ वर्षांत बाजार साधारण ४०० पट वाढला. कुणी १९८५ साली पाच हजार रुपये बाजारात ठेवून हातही लावला नसता, तर २०२२ साली त्याचे वीस लाख झाले असते. लाभांश पुन्हा गुंतवत गेला असता तर त्यावर आणखी काही लाख. वीस लाख ही चांगली रक्कम आहे. पण वीस लाख आणि ४६ हजार कोटी यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते पाच हजार रुपयांनी कापलेले नाही. ते कशाने कापले गेले, हीच खरी चरित्रकथा आहे, आणि नेमकी तीच पाने गोष्टीतून गळाली आहेत.

झुनझुनवाला यांचे घराणे मूळचे राजस्थानातल्या झुंझुनूचे. आडनाव तिथूनच आलेले. ते वाढले मुंबईत. वडील पेढीवाले शेठ नव्हते, आयकर खात्यात अधिकारी होते. संध्याकाळी वडील मित्रांशी शेअरच्या भावाबद्दल बोलत, मुलगा ऐकत बसे. भाव का बदलतात, असे त्याने विचारले तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्र वाचायला सांगितले. सिडनहॅम महाविद्यालयातून पदवी झाली. शेअर बाजारात जायचे म्हटल्यावर वडिलांनी आधी चार्टर्ड अकाउंटंट हो, असे बजावले. तो झाला. मग वडिलांनी सांगितले की माझ्याकडे किंवा माझ्या मित्रांकडे पैसे मागायचे नाहीत, मात्र राहायला मुंबईतले हे घर आहे, आणि बाजारात जमले नाही तर सीए म्हणून पोट भरता येईल.

हे शेवटचे वाक्य मला पाच हजारांपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. बाप पैसे देत नाही म्हणून ही स्वकष्टाची कहाणी ठरते, आणि ती तशी आहेही. या माणसाच्या मेहनतीला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण मुंबईत डोक्यावर छप्पर, हातात सीएची सनद, आणि घरी कुणीही दर महिन्याच्या पाच तारखेला मनीऑर्डरची वाट पाहत नाही, हे भांडवल कोणत्या खात्यात धरायचे? १९८६ साली चौथा वेतन आयोग आला तेव्हा केंद्र सरकारच्या शिपायाचे किमान मूळ वेतन महिना ७५० रुपये ठरले. म्हणजे ते पाच हजार रुपये शिपायाच्या साडेसहा महिन्यांच्या मूळ पगाराइतके होते. शिपायाच्या घरातून ते बाजारात बुडाले असते तर घर बसले असते. झुनझुनवालांचे बुडाले असते तर त्यांनी दुसऱ्या दिवशी एखाद्या कंपनीचे हिशेब तपासायला घेतले असते. जोखीम घेण्याची हिंमत म्हणतात ती पुष्कळदा मागे भिंत असलेल्या माणसाची हिंमत असते.

आता दुसरे गळालेले पान. त्यांचा पहिला मोठा नफा १९८६ सालचा, टाटा टीचा. ४३ रुपयांना घेतलेले पाच हजार शेअर तीन महिन्यांत १४३ रुपयांना विकले. नफा पाच लाख. ही गोष्ट सगळे सांगतात, पण गुणाकार कुणी करत नाही. ४३ गुणिले पाच हजार म्हणजे दोन लाख पंधरा हजार रुपये. पाच हजार रुपये घेऊन आलेला माणूस वर्षभरात सव्वादोन लाखांचा माल उचलतो तो कशाच्या जोरावर? उसन्या पैशाच्या. त्यांचे थोरले भाऊ सीए होते. भावाच्या अशिलांकडून, बँकेच्या ठेवीपेक्षा जास्त परतावा देण्याच्या बोलीवर, त्यांनी पैसे उभे केले होते. शिवाय तेव्हाच्या बाजारात 'बदला' नावाची पद्धत होती. थोडे पैसे भरून मोठा सौदा पुढच्या पंधरवड्यात ओढून नेता येई. ती अखेर २००१ मध्ये बंद झाली.

यात बेकायदा काही नाही. धंदा असाच चालतो. पण उसने पैसे देणारा माणूस काय पाहून देतो? १९८५ चा शेअर बाजार आजच्यासारखा मोबाइलवर नव्हता. जीजीभॉय टॉवरमधल्या रिंगणात दलाल ओरडून सौदे करत, आणि ते वहीत टिपले जात. शेअर म्हणजे कागद होते. ते हस्तांतराला पाठवायचे, सही जुळली नाही तर परत यायचे. सेबी नव्हती, ती १९८८ साली आली आणि तिला कायद्याचे दात १९९२ मध्ये फुटले. सगळा कारभार शब्दावर होता. आणि शब्द कुणाचा धरायचा हे ओळखीने ठरे, ओळख नात्याने, गावाने, जातीने ठरे. बाजाराला जात नसते, पैशाला रंग नसतो, असे सांगणारे अर्थतज्ज्ञ याबद्दल बोलत नाहीत.

याच बाजाराशी एका आणखी मोठ्या माणसाचा संबंध आला होता, हे मुंबईच्या शेअर बाजाराचा इतिहास सांगणाऱ्यांना सहसा आठवत नाही. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसून मुंबईला परतले. पोटासाठी त्यांनी जे उद्योग करून पाहिले, त्यांत एक होता शेअरचा व्यापार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा. धंदा सुरू झाला, गिऱ्हाईकही येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक यायचे थांबले. सल्ला चुकला म्हणून नाही. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते प्राध्यापक झाले, त्याच सिडनहॅम महाविद्यालयात, ज्याच्या बाकांवर पुढे झुनझुनवाला बसले. तिथे विद्यार्थी त्यांचे तास ऐकायला गर्दी करत; पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध करणारा हा अर्थशास्त्रज्ञ दलाल स्ट्रीटला सल्ला द्यायला चालला नाही. त्या दिवसांत त्यांनी कुणाकडे दोन लाख पंधरा हजार उसने मागितले असते, तर काय झाले असते, याचे उत्तर वाचकांना माझ्याकडून नको.

असो. टाटा टीनंतर झुनझुनवाला थांबले नाहीत. तीन वर्षांत त्यांनी वीस-पंचवीस लाख कमावले. मग सेसा गोवा. गोव्याच्या लोहखनिजाची ही कंपनी मंदीत होती, शेअर २५-२७ रुपयांपर्यंत उतरला होता. खनिजाचा भाव पुढच्या वर्षी वाढणार हे त्यांनी हेरले, सुमारे एक कोटीचे चार लाख शेअर घेतले. काही साठ-पासष्टला विकले, काही दीडशेच्या वर. हिशेब अचूक होता. भागधारकाला खाण दिसते ती भावाच्या आकड्यात. डिचोली-सांगेच्या शेतकऱ्याला ती दिसते पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्या लाल गाळात. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद करण्याची वेळ आली तोपर्यंत झुनझुनवालांचा तो सौदा फार जुना झाला होता, आणि तो सौदा करणाऱ्यावर त्या गाळाची जबाबदारी टाकणे बरोबर नाही. पण शेअर बाजाराचा हा गुण ओळखून असावे : मालक होता येते, आणि शेजारी होण्याचे टाळता येते.

मार्च १९९० मधली त्यांची उडी तर गमतीची आहे. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार होते आणि अर्थमंत्री होते प्रा. मधू दंडवते, कोकणातल्या राजापूरचे खासदार, आयुष्यभराचे समाजवादी. समाजवाद्याचा अर्थसंकल्प म्हणून बाजार धास्तावला होता. झुनझुनवालांनी उलटा डाव लावला की हा अर्थसंकल्प उद्योगांना मारणारा नसेल. तसेच झाले, आणि त्यांची संपत्ती काही महिन्यांत अनेक पटींनी वाढली. त्याच सरकारने त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न दिले आणि मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली. मंडलवर देशभर काचा फुटल्या. दंडवत्यांच्या अर्थसंकल्पावर मात्र दलाल स्ट्रीटने पेढे खाल्ले. आपले कोण आणि परके कोण, हे बाजार फार लवकर विसरतो. समाज विसरत नाही.

१९९२ चे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. हर्षद मेहता बँकांच्या पैशावर बाजार फुगवत होता. झुनझुनवाला तेव्हा मंदीवाल्यांच्या गोटात होते. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांची बातमी आली, फुगा फुटला, आणि मंदीवाल्यांचे दिवस फिरले. त्या पडझडीत आपण शेअर आधी विकून, नंतर स्वस्तात घेऊन मोठी कमाई केल्याचे झुनझुनवाला उघडपणे सांगत. जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींवर नेला. बुडालेल्यांमध्ये शेवटच्या लाटेवर भविष्यनिर्वाह निधी काढून बाजारात उतरलेला गिरणगावातला आणि बँकेतला मध्यमवर्गीय कारकून होता. त्याचे चरित्र कुणी लिहिले नाही.

खरे मोठेपण टायटनचे. इथे मी झुनझुनवालांना पूर्ण गुण देतो. २००२-०३ साली बाजार केतन पारेख घोटाळ्यातून सावरत होता, कुणाला शेअरचे नाव नको होते. टायटन ही घड्याळे करणारी कंपनी, तिचा 'तनिष्क' हा दागिन्यांचा धंदा सुरुवातीची वर्षे तोट्यात गेलेला. तो बंद करावा असा विचारही कंपनीत झाला होता. पण तनिष्कने दुकानात कॅरेटमीटर ठेवले. बाईने यावे, आपली पाटली किंवा मंगळसूत्र त्या यंत्रात ठेवावे, आणि पिढीजात सराफाने २२ कॅरेट म्हणून दिलेले सोने प्रत्यक्षात किती आहे ते डोळ्यांनी पाहावे. पुष्कळींना धक्का बसला. ज्या देशात गरिबाची बँक म्हणजे सोने, तिथे शुद्धतेची खात्री हा केवढा मोठा धंदा होऊ शकतो, हे झुनझुनवालांनी ओळखले. नंतरच्या विभागणी-बोनसच्या हिशेबाने तीन-चार रुपयांच्या आसपास घेतलेले ते शेअर त्यांनी वीस वर्षे धरून ठेवले. मधे २००८ ची घसरण आली, तरी बहुतांश सोडले नाहीत. ते गेले तेव्हा भाव अडीच हजारांजवळ होता आणि पती-पत्नींचा कंपनीतला पाच टक्के वाटा ११ हजार कोटींचा होता. रोज मोबाइल उघडून भाव बघणाऱ्या तरुणाने या माणसाकडून काही घ्यायचेच असेल, तर ही वीस वर्षे घ्यावीत.

पण टायटनच्याच कहाणीत एक भागधारक असा आहे की ज्याचे नाव कुठल्याही चित्रफितीत येत नाही. टायटन ही कंपनी १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ, 'टिडको', यांनी मिळून काढली. कारखाना होसूरला. टिडकोचा वाटा २७.८८ टक्के आहे, टाटांपेक्षाही थोडा जास्त. गुणाकार पुन्हा करू. ऑगस्ट २०२२ मध्ये टायटनचे एकूण बाजारमूल्य दोन लाख वीस हजार कोटींच्या आसपास होते. त्याचे २७.८८ टक्के म्हणजे साठ हजार कोटींच्या घरात. म्हणजे झुनझुनवालांची सगळी मालमत्ता, विमान कंपनीसह, एकत्र केली तरी एका राज्य सरकारी महामंडळाचा टायटनमधला एकटा वाटा तिच्याहून मोठा होता. शिवाय टिडको झुनझुनवालांच्या अठरा वर्षे आधी तिथे आले, कारखाना नव्हता तेव्हा पैसे घातले, आणि थांबले. देशातला सर्वांत धीराचा गुंतवणूकदार कोण, या प्रश्नावर 'बिग बुल' हे उत्तर देणाऱ्यांनी चेन्नईतल्या या सरकारी कचेरीकडे एकदा बघावे. सरकारला धंदा कळत नाही, सरकारने सगळे विकून टाकावे, असे सांगणारे लेख ज्या पानांवर येतात त्याच पानांवर टायटनच्या परताव्याची कौतुके येतात. आपल्याकडे एमआयडीसीने कारखानदारांना जमीन दिली, पाणी दिले, रस्ते दिले. त्या कारखान्यांच्या शेअरचे भाव शंभर पट झाले, तेव्हा जमीन गेलेल्या कुळाच्या हाती काय पडले?

करांचेही एक पान आहे. १ ऑक्टोबर २००४ पासून ३१ मार्च २०१८ पर्यंत, बाजारात नोंदलेले शेअर वर्षभराहून अधिक काळ ठेवून विकले तर होणाऱ्या नफ्यावर आयकर शून्य होता. सौद्यावर एक किरकोळ कर भरला की झाले. २०१८ मध्ये तो १० टक्के लागला, २०२४ मध्ये साडेबारा टक्के झाला. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत वाढलेल्या भावाला त्यातून सूट ठेवली गेली. झुनझुनवालांच्या सर्वांत सुबत्तेच्या काळातली साडेतेरा वर्षे अशी करमुक्त होती. त्याच काळात महापालिकेतल्या अधिकाऱ्याच्या पगारातून कर आधी कापला जाई आणि मग पगार हाती येई. यात झुनझुनवालांचा दोष नाही, कायदा त्यांनी केला नव्हता. पण संपत्ती निर्माण करणाऱ्यांचा सन्मान करा म्हणताना, घाम गाळून मिळालेल्या उत्पन्नावर तीस टक्के आणि थांबून मिळालेल्या उत्पन्नावर शून्य, हे कोणी ठरवले तेही विचारले पाहिजे.

त्यांच्या चुका लपवण्याचे कारण नाही, ते स्वतःही लपवत नसत. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत त्यांचा वाटा होता. ती २०१९ मध्ये कोसळली आणि अखेर भागधारकांच्या हाती काही उरले नाही. 'ॲपटेक' या संगणक शिक्षण कंपनीच्या शेअरमध्ये आतली माहिती वापरून सौदे केल्याच्या प्रकरणात २०२१ साली त्यांनी, कुटुंबीयांनी आणि इतरांनी मिळून ३७ कोटींहून अधिक रक्कम भरून सेबीशी तडजोड केली. अशा तडजोडीत आरोप कबूलही करावा लागत नाही, नाकारावाही लागत नाही. झोपडपट्टीतल्या पोराच्या खिशात चोरीचा मोबाइल सापडला तर असा तिसरा पर्याय त्याला कायद्यात सापडत नाही. दुसरीकडे, कर्करोगग्रस्त मुलांच्या निवासाला आणि शाळकरी मुलांच्या विज्ञानशिक्षणाला त्यांनी पैसे दिले, तेही नोंदवले पाहिजे. सिनेमेही काढले, पुण्यातल्या शशी गोडबोले या गृहिणीची इंग्रजी शिकण्याची धडपड दाखवणारा २०१२ चा 'इंग्लिश विंग्लिश' ज्यांना आवडला, त्यांनी निर्मात्यांच्या यादीत त्यांचे नाव वाचले असेल.

आता पुन्हा अभ्यासिकेतल्या त्या मोबाइलकडे. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती २० कोटींच्या पुढे गेली. शेअर घरोघरी पोचला याचा आनंद व्हायला हरकत नव्हती. पण तो तरुण टायटन घेऊन वीस वर्षे थांबत नाही, तो गुरुवारी संपणारा ऑप्शन घेतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. तोटा सरासरी दोन लाख रुपये. सगळ्यांचा मिळून एक लाख ८० हजार कोटींवर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा झाला तो एक टक्क्याला. या सौदे करणाऱ्यांत ४३ टक्के तिशीच्या आतले, पाऊणपेक्षा जास्त लोकांचे वर्षाचे उत्पन्न पाच लाखांखाली, आणि ७० टक्क्यांहून अधिक मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे. पुढच्या वर्षीचा, २०२४-२५ चा अभ्यास आला तेव्हा तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते आणि त्या एका वर्षाचा तोटा एक लाख कोटींवर.

हे पैसे हवेत गेले नाहीत. सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे २०२३-२४ मध्ये दलालांच्या स्वतःच्या पेढ्यांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी २८ हजार कोटी कमावले, आणि त्यातला बहुतेक भाग माणसाने नव्हे, संगणकाच्या प्रणालीने केलेल्या सौद्यांतून आला. जुलै २०२५ मध्ये सेबीने 'जेन स्ट्रीट' या अमेरिकी कंपनीला बाजारातून तात्पुरती बंदी घालून, बँक निर्देशांकात फेरफार करून मिळवल्याचा ठपका ठेवलेले ४,८४३ कोटी रुपये अडकवून ठेवण्याचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारले आणि दाद मागितली. निकाल काहीही लागो, समोर कोण बसले आहे ते यातून कळते. एका बाजूला सेकंदाच्या हजाराव्या भागात सौदा करणारे यंत्र, दुसऱ्या बाजूला दहा तारखेला पगार झालेला, किंवा भावाकडून वीस हजार उसने घेतलेला आमचा पोरगा. झुनझुनवालांनीही उसने घेतले होते, हे तो ऐकून असतो. त्यांच्या उसनवारीमागे सीएची सनद आणि मुंबईतले घर होते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मग या समाजाने बाजाराकडे पाठ फिरवावी काय? तसे बाबासाहेबांनीही सांगितले नाही. पण बाजाराच्या वरच्या मजल्यावर कोण बसते ते पाहा. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त २०१२ साली एक अभ्यास आला. देशातल्या पहिल्या हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसलेल्या नऊ हजारांवर व्यक्तींची त्यात जातवार मोजणी होती. ९३ टक्के उच्चवर्णीय, ओबीसी ३.८ टक्के, अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. ऑप्शनच्या तोट्यात सर्वांना खुला प्रवेश, संचालक मंडळात मात्र ओळखीच्यांनाच, अशी ही रचना आहे.

१९४७ सालच्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे करण्याची मागणी केली. प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात सक्तीचा आयुर्विमा असावा असेही त्यात आहे. आणि ज्यांची मालकी राज्य घेईल त्यांना मोबदला म्हणून रोखे द्यावेत, ते विकता यावेत, वारशाने देता यावेत, इतक्या बारकाव्याने त्यांनी लिहिले. शेअर-रोख्यांचा धंदा ज्याला कळला आहे असाच माणूस हे लिहू शकतो. सक्तीचा विमा कधी आला नाही. पण १९५६ साली आयुर्विमा महामंडळ झाले आणि शिपाई, सफाई कामगार, एसटीचा वाहक यांच्या पन्नास-शंभर रुपयांच्या हप्त्यांतून या देशातला सर्वांत मोठा देशी गुंतवणूकदार तयार झाला. त्याला कुणी 'बिग बुल' म्हटले नाही, कारण त्याचा चेहरा एकाचा नव्हता.

मे २०२२ मध्ये सरकारने त्या महामंडळाचा साडेतीन टक्के हिस्सा बाजारात विकला. भाव ९४९ रुपये, पॉलिसीधारकांना साठ रुपयांची सूट. पॉलिसीधारकांसाठी राखलेल्या हिश्शाला सहा पट मागणी आली. कित्येकांनी आयुष्यातले पहिले डिमॅट खाते त्यासाठी उघडले. १७ मे रोजी शेअर नोंदला गेला तोच ८६७ ला, म्हणजे सूट धरूनही तोट्यात. झुनझुनवाला गेले त्या आठवड्यात तो सातशेच्या खाली होता. ९४९ चा भाव पुन्हा दिसायला २०२४ चा जानेवारी उजाडला. वीस महिने ज्याला थांबता आले, त्याचे पैसे सुटले. ज्याला २०२२ च्या जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी भरायची होती, त्याने तो साडेसहाशेला विकला.